खर्जाची खोली

आमच्या आजोळच्या गावी 'बेस' या शब्दाला एकच अर्थ होता. पाऊसपाणी कसे आहे म्हणून विचारले, की बांधावरचा माणूस मान हलवून "बेस हाय" म्हणायचा आणि त्यात सगळे आले. शहरात या दोन अक्षरांना दुसराच अर्थ चिकटला आहे. येथे 'बेस' म्हणजे गाण्याबजावण्याच्या यंत्रातून येणारा खालचा, जाड, पोटात शिरणारा आवाज. आमचे भाचेबुवा घरी आले, की चहाच्या आधी विचारतात, "मामा, तुमच्या सिस्टीमला बेस कसा आहे?" हल्ली मी त्यांना आजोळच्याच सुरात उत्तर देतो, "बेस आहे!" हे उत्तर छातीठोकपणे देता यावे म्हणून आमच्या घरात तब्बल दोन महिने जे काही चालले होते, त्याची ही हकिकत.

प्रथमच सांगून टाकतो, की मी त्या जातीचा शौकीन नव्हे. असे शौकीन मी पाहिले आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात माणसांना बसायला जागा नसते, पण यंत्रांना असते. वायर तांब्याची हवी की चांदीची, यावर ते मध्यरात्रीपर्यंत वाद घालतात आणि गाणे लावलेच, तर पहिली दोन मिनिटे ऐकून बंद करतात. मी बँकेत ३५ वर्षे खातेवह्या तपासून निवृत्त झालेला माणूस. गाणे मला आवडते, पण ते आमटीत कोकम आवडावे तसे. असले तर बरे, नसले तर जेवण अडत नाही. हा सारा खटाटोप केला तो अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी.

अण्णांचे वय ८७. नोकरी केली पोस्टात, पण जीव सगळा तबल्यात. सदाशिव पेठेतल्या वाड्यात असताना भजनी मंडळाला, हौशी नाटकांच्या तालमींना, कुणाच्या मुलीच्या गाण्याच्या परीक्षेला तबला अण्णांचाच. बिदागी म्हणून नारळ आणि चहा. उस्ताद अहमदजान थिरकवा यांनी एके काळी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला साथ केली होती. त्यांचे नाव निघाले, की अण्णा अजून कानाच्या पाळीला हात लावतात. पुढे बोटे आखडली. तबला-डग्गा गवसणीत घालून माळ्यावर गेला आणि अण्णांच्या वाट्याला नुसते ऐकणे राहिले. गेल्या चार वर्षांत तेही हातचे जाऊ लागले.

म्हातारपणी कान जातात असे आपण म्हणतो, पण ते एकदम जात नाहीत. ते वरून खाली झिजत येतात. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज कळतात, ते ऐन तारुण्यात. कानाच्या आत शंखासारखा एक अवयव असतो. त्याच्या तोंडाशी उंच आवाज टिपणाऱ्या पेशी असतात आणि अगदी आतल्या वळणात खालच्या आवाजाच्या. उंबरठ्याशी असलेली फरशी आधी झिजते, तशा तोंडाजवळच्या पेशी आधी जातात. मग चिमण्या गप्प होतात, दाराची घंटा बारीक होते. 'स', 'श', 'फ', 'थ' ही अक्षरे बोलण्यातून गळून पडतात. "तू बोलतोस ते ऐकू येतं रे, काय बोलतोस ते कळत नाही," असे अण्णा म्हणतात, ते याच कारणाने. पण आतल्या वळणातल्या पेशी सगळ्यांत शेवटपर्यंत काम करतात. अण्णांना चाटीवरचा कडक 'ना' आता जवळजवळ पोचत नाही. डग्ग्यावरचा 'घे' मात्र पोचतो. निदान पोचायला हवा.

डॉक्टरांनी श्रवणयंत्र दिले. बोलणे ऐकायला ते उत्तम. पण गाणे लागले, की अण्णा ते कानातून काढून डबीत ठेवतात. "यातून सगळं गाणं पत्र्याच्या डब्यात घालून पाठवल्यासारखं येतं," ही त्यांची तक्रार. यंत्राचा दोष नाही. ते बोलणे समजावे म्हणून केलेले, तळहातावर हरवून जाईल एवढेसे उपकरण. त्याच्याकडून खर्जाची अपेक्षा करणे म्हणजे चमच्याने विहीर उपसणे.

एके दिवशी भाच्याने आपल्या मोबाइलवर तबल्याचे एक जुने एकलवादन लावून अण्णांच्या मांडीवर ठेवले. अण्णांनी ते मान कलती करून पाच मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "बाळा, ही डग्ग्याची बातमी आहे. डग्गा नव्हे."

त्यांच्या या वाक्यात पुस्तकभर विज्ञान आहे. डग्गा साधारण सेकंदाला १०० कंपनांच्या आसपास बोलतो आणि मनगट दाबून पुढे सरकवले, की वर चढतो. रुपयाएवढ्या स्पीकरला एवढा खालचा आवाज काढताच येत नाही. तो काढतो फक्त त्याच्या वरचे, दुप्पट-तिप्पट कंपनांचे उपस्वर. आपला मेंदू मात्र मोठा संसारी. चार वाट्या दिसल्या की ताट असणारच असे धरून तो चालतो आणि मूळचा नसलेला स्वर आपल्यापुरता पुरा करून घेतो. तुमचेआमचे त्यावर भागते. ज्याच्या मनगटाखालून पन्नास वर्षे डग्गा बोलला, त्याचे भागत नाही. आपल्या तालवाद्यांचे हे उपस्वर तर विशेष सुबक. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात आणि पुढे १९३४ साली सविस्तर दाखवून दिले, की साध्या ढोलाचे उपस्वर बेसूर असतात, पण कातड्यावरच्या काळ्या शाईमुळे मृदंग-तबल्याचे उपस्वर तंतुवाद्यासारखे सुरात येतात. डग्ग्याची शाई मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते. मनगटाला जागा त्यामुळेच मिळते. हे सारे मी अण्णांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. ते म्हणाले, "रामनसाहेबांनी बरोबर सांगितलंय. आता वाजवून दाखव."

तेव्हा सिस्टीम आणायची ठरली. मी आणि भाचा तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या दुकानांतून बेस दाखवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. विक्रेता हेलिकॉप्टरचा किंवा मारामारीचा आवाज लावतो, काउंटरवरचा पाण्याचा पेला थरथरतो आणि तो विजयी मुद्रेने म्हणतो, "बघा काका, कसा हादरतोय!" मला अण्णांसाठी बोलणारा डग्गा हवा होता, आणि बोलणे आणि हादरणे यांत कीर्तनकार आणि लाउडस्पीकर यांच्याइतका फरक आहे. शेवटी सर्वांत कमी हादरणारी जोडी आम्ही घेतली. साडेसहा इंची पडद्याचे दोन मध्यम स्पीकर आणि एक साधा ॲम्प्लिफायर. एवढ्याशा पेट्यांतून खर्ज यायचा कसा, अशी शंका सौभाग्यवतींनी काढली. पूर्वी खर्जासाठी कपाटाएवढ्या पेट्या लागत हे खरे. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद पेटीत कोंडलेल्या हवेलाच पडद्याची स्प्रिंग करून टाकले आणि लहान पेटीतून खालचे आवाज निघू लागले. हे सांगितल्यावर सौ.चे समाधान झाले. विशेषतः कपाटाएवढे काही येणार नाही या भागाने.

दुकानातून आलेल्या मुलाने अर्ध्या तासात सगळे जोडून दिले, चहा घेतला आणि तो गेला. अण्णा खुर्चीत बसले. मी एक तबला लावला. आवाज मोठा, स्वच्छ, चकचकीत. अण्णा म्हणाले, "डग्गा आला नाही अजून."

दोन दिवस मी विचार करीत होतो. तिसऱ्या दिवशी रेडिओवरच्या बातम्या त्या यंत्रातून लागल्या आणि निवेदिकेचा आवाज मला विचित्र वाटला. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये तिने बसायला हवे. त्याऐवजी ती बाई खोलीभर भुतासारखी तरंगत होती. मी पेटीमागे वाकून पाहिले. डावीकडच्या स्पीकरची तांबडी आणि काळी वायर त्या मुलाने उलट जोडून ठेवली होती. वाचकहो, एवढे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. दोन्ही स्पीकरांचे पडदे एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे जायला हवेत. एकाच्या वायरी उलट झाल्या, की एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. उंच आवाजांच्या लाटा आखूड असतात, त्यांचे फारसे बिघडत नाही. खर्जाच्या लाटा लांब. त्या एकमेकींना खाऊन टाकतात. वायरी बदलल्या आणि निवेदिका आपल्या जागी येऊन बसली. डग्गाही आला, पण पाहुण्यासारखा. दारातच उभा.

आता घरातल्या प्रत्येकाला मत फुटले. भाचा म्हणाला, "कोपऱ्यात सरकवा." भिंत आणि जमीन आवाजाला परत ढकलतात, त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज वाढतो हे खरे आहे. वाड्यातला आमचा जुना मर्फी रेडिओ कोपऱ्यातल्या फळीवर बसून एवढा भारदस्त बोलत असे, त्यामागे हेच इंगित असावे. पण कोपऱ्यात सरकवताच डग्ग्याचा घागरीत बोलल्यासारखा घुमारा झाला. अण्णा म्हणाले, "हा जेवून आलेला दिसतो." मग दीड फूट बाहेर घेतले. एका स्नेह्यांनी सल्ला दिला, की भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावा. हे ऐकून सौ. जे देवघरात गेल्या, त्या स्नेही उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. सुदैवाने विज्ञान त्यांच्या बाजूचे निघाले. असल्या पातळ वस्तूंना खर्जाची दखलही घेता येत नाही. जी लाट पंधरासोळा फूट लांब आहे, ती दोन इंचांच्या पुठ्ठ्याला काय जुमानणार? जाडजूड वस्तूच तिला थोडी थोपवते. म्हणून माळ्यावरच्या कापसाच्या गाद्या काढून त्यांची चळत कोपऱ्यात रचली. घुमारा थोडा उतरला आणि पाहुण्यांच्या अंथरुणाचीही सोय झाली.

तरीही एक गोष्ट जमेना. तानपुऱ्याचा खर्ज. काळी एक पट्टीत लावलेला पुरुषांचा तानपुरा घ्या. त्याच्या जोडीच्या तारा सेकंदाला साधारण १३९ कंपनांवर बोलतात आणि शेवटची जाड तार तिच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणात पहिल्या तीन तारा अण्णांना लागत होत्या आणि चौथीच्या जागी, त्यांच्या शब्दांत सांगायचे तर, "खड्डा" होता. मी स्वतः त्यांच्या खुर्चीत बसून पाहिले, खड्डा होता. उभा राहून स्वयंपाकघराकडे गेलो, तर तीच तार दणदणीत ऐकू आली!

याला एक जुना उपाय आहे. तो करताना शक्यतो दार लावून घ्यावे. स्पीकर उचलून ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायचा, खर्ज चालू करायचा आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर हिंडायचे. जिथे आवाज भरदार ऐकू येईल, ती स्पीकरची जागा. येथून तिथे जे पोचते, तेच तिथून येथे पोचते, हे त्यामागचे तत्त्व. मी दार लावले नव्हते. अण्णांच्या खुर्चीत स्पीकर, त्याच्या अंगावर अण्णांची घडी केलेली शाल, आणि त्याच्यासमोर ६३ वर्षांचा मी कान जमिनीला लावून चारी पायांवर, अशा स्थितीत खालच्या मजल्यावरच्या वहिनी साखर मागायला आल्या. त्यांनी काही विचारले नाही. सौ.ला आत जाऊन एवढेच म्हणाल्या, "बरे आहेत ना?"

रांगण्याचा निकाल चमत्कारिक लागला. खोलीत कुठेही गेलो तरी चौथी तार पडलेलीच. म्हणजे स्पीकर कुठेही ठेवा, त्या खुर्चीत ती पोचणार नाही. खोट खुर्चीच्या जागेत होती.

मी मोजपट्टी काढली. आवाज सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे सुमारे ११२५ फूट धावतो. त्याला ६९ ने भागले, की खर्जाच्या एका लाटेची लांबी येते सोळा फूट आणि वर काही इंच. आमच्या बैठकीच्या खोलीची लांबी मोजली. सोळा फूट! बिल्डरने पट्टी काळी एक धरूनच घर बांधले असावे. लाट आणि खोली अशा एका मापाच्या झाल्या, की आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि खोलीत ठाण मांडून बसतो. अंघोळीच्या घंगाळात पाणी हिंदकळते ते आठवा. काही ठिकाणी ते सपासप वरखाली होते आणि काही ठिकाणी जागच्या जागी निश्चल राहते. तसेच येथे. दोन्ही भिंतींशी आणि खोलीच्या मध्यावर ती तार भरदार. आणि दोन्ही भिंतींपासून चार-चार फुटांवर नाहीशी. अण्णांची खुर्ची मागच्या भिंतीपासून किती लांब? मोजली. चार फूट.

सौ. म्हणाली, "मग मध्यावर घ्या की." घेतली. चौथी तार प्रकट झाली, पण डग्गा लंगडू लागला. कारण १०५ कंपनांच्या आसपासचे आवाज या खोलीत नेमके मध्यावर मेलेले, आणि डग्ग्याचे निम्मे बोलणे त्याच घरात. शिवाय मध्यावर बसलेल्या माणसाला ओलांडून स्वयंपाकघरात जावे लागते. दोन्ही आवाज जिवंत अशी जागा एकच उरली. मागच्या भिंतीला टेकून.

आणि तिथे आईचे शिवणयंत्र होते.

आमच्या घरात दोन यंत्रांना हात लावायला अण्णांची परवानगी लागते, श्रवणयंत्र आणि शिवणयंत्र. पाय-मशीनच ते, वाड्यातून येथे आलेले. आई २०११ साली गेली. त्याआधी तेवीस वर्षे याच भिंतीशी बसून तिने सगळ्या घराचे शिवले. तिच्या पुढ्यात मशीन, मशीनपुढे अण्णांची खुर्ची. अण्णा मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे आणि आई मशीन थांबवून "काय म्हणालात?" विचारायची. आई गेल्यानंतर मशीन भिंतीला सरकवून ठेवले, त्यावर झाकण आले, झाकणावर क्रोशाचा रुमाल आला. पण खुर्ची तसूभर हलली नाही. अण्णांची पाठ अजून त्या मशीनकडे असते. सौ.ने मला आधीच बजावले, "हे मशीन हलवायचं नाव अण्णांजवळ काढायचं नाही हं. गाण्यावाचून कुणाचं अडत नाही."

तिचे म्हणणे मला पटले. खरेच पटले. पण अण्णांचे अडत होते, हेही मला दिसत होते. सकाळी वर्तमानपत्र वाचून झाले, की या माणसाला दिवसभरात कानाने करण्यासारखे काही उरत नव्हते. आम्ही बोलत असू, हसत असू. ते आमच्या तोंडांकडे बघत आणि सगळे हसले की हसत. हे हसणे मला सोसत नसे.

एके दुपारी मी त्यांना म्हटले, "अण्णा, जरा भिंतीशी येऊन उभे राहता का?" त्यांनी कारण विचारले नाही. ते मशीनशेजारी जाऊन, त्याच्या झाकणावर हात टेकून उभे राहिले. मी तानपुरा लावला. एक तार झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. चौथी आली आणि अण्णांनी माझ्याकडे पाहिले.

"इथे आहे तो," ते म्हणाले.

"कोण, अण्णा?"

"खर्ज. इथे बसलाय होय!"

एरवी दहा मिनिटे उभे राहिले तर ज्यांचे गुडघे बोलतात, ते अण्णा त्या दिवशी वीस मिनिटे तसेच उभे होते. मग जाऊन आपल्या खुर्चीत बसले. पुढचे चार दिवस या विषयावर त्यांनी चकार शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही. पाचव्या दिवशी सकाळी वर्तमानपत्राची घडी घालता घालता म्हणाले, "मशीन खिडकीशी घ्या. उजेडही येईल तिला."

'तिला' म्हणजे मशीनला की आणखी कुणाला, हे मी विचारले नाही.

सौ.ने मशीन स्वतः पुसले, तेलपाणी केले. तेवीस वर्षांत फरशीवर पडलेले पायांचे चार डाग तेवढे मागे राहिले. खुर्ची भिंतीला गेली आणि मशीन खिडकीकडे वळून बरोबर अण्णांच्या उजव्या हाताशी आले. संध्याकाळी थिरकवांसाहेबांचा तबला लावला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने पाहतो तर त्यांची आखडलेली बोटे मशीनच्या झाकणावर पडत होती. 'धा' चुकत नव्हता. क्रोशाचा रुमाल त्यांनी आधीच काढून घडी करून खिशात ठेवला होता.

यानंतर आठवडाभराने खालच्या वहिनी पुन्हा वर आल्या. या वेळी साखरेसाठी नव्हे. "काका, तुमच्याकडे पिठाची गिरणी सुरू झाली का हो?" त्यांचे चार महिन्यांचे बाळ दुपारी दचकून उठत होते. तक्रार रास्त होती. खर्ज हा मोठा निगरगट्ट. उंच आवाज भिंतीला अडतात, हा स्लॅबमधून खाली उतरतो. मी स्पीकरखाली जाड रबराचे तुकडे आणि त्यावर शहाबादी फरशी घातली. त्याने थोडे काम झाले. खरे काम झाले ते आवाज कमी केल्याने. जागा बरोबर नव्हती तोवर मी बटण पिळत होतो. जागा सापडल्यावर निम्म्या आवाजात भागू लागले. हळू लावले की कान खर्जाला आधी विसरतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून ठेवले आहे. म्हणून हळू आवाजात बेसचे बटण जरा वर चढवले तर ते पाप नाही. चार ते पाच ही वेळ वहिनींनीच ठरवून दिली. त्या वेळी बाळ जागे असते.

अण्णांची मागणी आता वाढली आहे. परवा त्यांनी बालगंधर्वांची अगदी सुरुवातीची गाणी लावायला सांगितली आणि डग्गा शोधत बसले. त्यांना सांगावे लागले, की १९२५ पूर्वी कर्ण्यासमोर गाऊन ध्वनिमुद्रण होत असे. त्या कर्ण्यात इतके खालचे आवाज जवळजवळ शिरतच नसत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यावर अण्णांनी तोडगा काढला. ती गाणी लागली, की झाकणावर डग्गा ते स्वतः धरतात.

येत्या दिवाळीत पुष्कळ घरांत नवी यंत्रे येतील. वाचकहो, भारीतली वायर आणायला धावण्यापूर्वी दोन गोष्टी करा. तांबडीला तांबडी आणि काळीला काळी लागली आहे ना, ते बघा. आणि मग खुर्ची उचलून खोलीभर हिंडवून बघा. खर्ज बहुतेक घरात असतोच, फक्त आपण बसतो तिथे नसतो. खुर्ची सरकवण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. तिच्यामागे जे काही वर्षानुवर्षे उभे असेल, ते हलवायला घरातल्या कुणाची तरी परवानगी लागेल. ती मात्र घाई न करता मागा, आणि मिळेपर्यंत थांबा.